ताप अंगात, गोंधळ मेंदूत

प्रश्न : डॉक्टर, मी कराडजवळच्या एका गावात राहते, वय ४६. घरात सासरे आहेत, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. वय ७८, जिल्हा परिषद शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, माळकरी. गेल्या महिन्यात त्यांना लघवीला जळजळ होऊन थंडीताप आला आणि त्याच रात्री ते मला ओळखेनात. हजेरीपट कुठे ठेवलाय म्हणत कपाट उपसत बसले. दवाखान्यात सलाइन ओढून काढलं. तिथं 'वय झालंय' म्हणाले आणि झोपेचं इंजेक्शन दिलं. आता घरी आलेत, माणसं ओळखतात. पण पेन्शनचा हिशोब चुकतो, दुपारभर सुस्त पडून असतात. नणंद म्हणते, म्हातारचळ लागला, आता मागं फिरणं नाही. दिरांनी एक व्हिडिओ पाठवलाय. त्यात म्हटलंय की उतारवयात मेंदूतल्या प्रतिकारपेशी मेंदूच खायला लागतात आणि वयात येणाऱ्या मुलांच्या मेंदूतल्या जोडण्याही त्याच तोडतात. खाली 'मेंदूची सूज उतरवणारी' हळदीची कॅप्सूल विकायला आहे. माझी मुलगी अकरावीला आहे, नीटच्या अभ्यासाला रात्री एक-दीडपर्यंत जागते. मला दोन वर्षांपासून बीपीची गोळी आहे, ती अधूनमधून राहते. या पेशी बंद करता येतात का? अण्णांना ती कॅप्सूल द्यावी का? आणि उद्या माझंही असंच होणार का?

उत्तर : ताई, आधी अण्णांचं बोलू, कारण तिथं उशीर करून चालणार नाही.

तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून त्या रात्री अण्णांना डिलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक उडणारा मेंदूचा गोंधळ, झाला होता असं दिसतं. स्मृतिभ्रंश महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं हळूहळू वाढत जातो. डिलिरियम काही तासांत येतो, सकाळी जरा उतरतो, दिवेलागणीला पुन्हा चढतो, आणि त्यात सगळ्यात आधी माणसाचं लक्ष सुटतं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, खुब्याचं ऑपरेशन, एवढंच काय, तुंबलेली लघवी किंवा आठवडाभराची बद्धकोष्ठता यांतलं काहीही त्याला पुरतं. 'वय झालंय' हे त्याचं निदान नव्हे. हा तातडीचा आजार आहे आणि त्याचं कारण शोधायचं असतं.

दुपारची सुस्तीही मला साधी वाटत नाही. डिलिरियमचा एक गप्प प्रकार असतो. त्यात माणूस आरडाओरडा करत नाही, नुसता पडून राहतो, विचारलं तर एका शब्दात उत्तर देतो. घरच्यांना वाटतं, थकलेत, झोपू द्या. म्हणून नेमका हाच प्रकार नजरेतून सुटतो. घरी एक करून बघा. सकाळी चहा झाल्यावर अण्णांना मराठी महिने उलटे म्हणायला सांगा : फाल्गुन, माघ, पौष, मार्गशीर्ष... ज्यांनी आयुष्यभर मुलांकडून पाठ करून घेतलं, त्यांना हे जमायला हवं. कुठं अडखळतात, कुठं धागा सोडून भलतंच बोलायला लागतात, ते वहीत तारीख घालून लिहा. दर आठवड्याला साधारण त्याच वेळी पुन्हा विचारा. अडखळणं कमी होत असेल तर मेंदू अजून सावरतोय. पूर्ण सावरायला आठवडे लागतात, कधी काही महिने. तोवर नणंदबाईंचा शिक्का अण्णांवर बसू देऊ नका, आणि त्यांच्यासमोर तर तो शब्द अजिबात नको. सावरायच्या ऐवजी आठवड्यागणिक घसरण दिसली, चालताना तोल जायला लागला, किंवा मधे कुठं पडून डोक्याला मार लागला असेल, तर वाट बघत बसू नका. लगेच दाखवा.

आता व्हिडिओतल्या पेशींकडे येते. त्यात खोट्यापेक्षा अर्धवट खरं जास्त आहे, म्हणून ते सविस्तर सांगायला हवं.

या पेशींचं नाव मायक्रोग्लिया. स्पेनमधले शास्त्रज्ञ पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्यांना हे नाव दिलं. चांदीच्या क्षाराने मेंदूचे काप रंगवल्यावर त्यांना या बारीक, काटेरी फांद्यांच्या पेशी स्वच्छ दिसल्या. पुढं बरीच वर्षं समजूत अशी होती की एरवी त्या निपचित असतात आणि इजा झाली की जाग्या होतात. २००५ मध्ये जिवंत उंदराच्या कवटीचं हाड घासून पातळ केलं आणि त्यातून सूक्ष्मदर्शकानं आत बघितलं, तेव्हा निराळंच दिसलं. पेशी जागेवरच होती, पण तिच्या फांद्या क्षणभर स्वस्थ नव्हत्या. पुढं होत होत्या, मागं येत होत्या, आजूबाजूच्या चेतापेशींना चाचपत होत्या. संशोधकांनी हिशोब केला तर काही तासांत सगळा मेंदू असा चाचपून होतो. ज्यांना आपण झोपलेल्या समजत होतो त्यांचं काम अखंड चालू होतं.

त्यांचा जन्मही वेगळा आहे. रक्तातल्या बहुतेक प्रतिकारपेशी हाडांच्या मगजात तयार होतात. मायक्रोग्लियांच्या मूळ पेशी मात्र गर्भ अवघ्या काही आठवड्यांचा असताना त्याच्या पीतक पिशवीतून (गर्भाला सुरुवातीला जोडलेल्या छोट्या पिशवीतून) निघून मेंदूत शिरतात आणि तिथंच वस्तीला राहतात. मेंदूची जडणघडण सुरू असते तेव्हापासून त्या आत असतात. पण म्हणून अण्णांच्या डोक्यातल्या मायक्रोग्लिया ७८ वर्षांच्या झाल्या असं समजू नका. १९५०-६० च्या दशकांत अणुचाचण्यांमुळे हवेत कार्बन-१४ वाढला होता. त्याचा अंश पेशींमध्ये मोजून स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या गटानं २०१७ मध्ये माणसाच्या मायक्रोग्लियांचं वय काढलं. ते सरासरी चार वर्षांच्या आसपास निघालं. काही पेशी मात्र वीस वर्षांहून जुन्या होत्या. म्हणजे जुन्या पेशी जातात, नव्या तयार होतात, हे म्हातारपणीही चालू असतं. मला स्वतःला हा शोध फार धीर देणारा वाटतो.

मग लघवीच्या संसर्गानं अण्णांचा मेंदू कसा बिघडला? जंतू मेंदूत गेले नव्हते, जायची गरजही नव्हती. शरीरात संसर्ग झाला की रक्तातल्या प्रतिकारपेशी सायटोकाइन नावाची रसायनं सोडतात. ती खबर रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून आणि पोटाकडून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस चेतेतून वर पोचते, आणि मायक्रोग्लिया मेंदूच्या आत तशीच रसायनं सोडतात. हे तुमच्या-माझ्यातही होतं. ताप आला की जेवण नको वाटतं, कुणाशी बोलू नये वाटतं, अंधारात पडून राहावंसं वाटतं. तो या खबरीचाच परिणाम, आणि तो उपयोगाचा आहे, कारण शरीराला विश्रांती मिळते. पण उतारवयात, त्यातून मेंदूत आधीच थोडी झीज असेल तर, मायक्रोग्लिया अर्ध्या चिडलेल्या अवस्थेत असतात. मग तीच खबर आली की त्या गरजेपेक्षा जास्त आणि जास्त वेळ उत्तर देतात. मेंदूचा आजार असलेल्या उंदरांना जंतूंच्या कवचाचा थोडासा अंश टोचला, तर निरोगी उंदरांपेक्षा त्यांच्या मेंदूत कितीतरी मोठी खळबळ होते, हे प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलंय. अण्णांच्या त्या रात्रीचा हाच बहुधा सगळ्यात जवळचा खुलासा. हजेरीपटाचं म्हणाल तर, चित्त थाऱ्यावर नसलं की माणूस जुन्या सवयीच्या वाटेनं जातो. त्यांना ती रात्र आठवत असेल तर त्याची लाज वाटू देऊ नका. मोकळेपणानं सांगा, ताप डोक्यात गेला होता.

एवढं वाचून तुम्ही पुन्हा विचाराल, मग या पेशी बंदच करून टाकल्या तर? ताई, निसर्गानं हा प्रयोग काही दुर्दैवी कुटुंबांत केलेला आहे. मायक्रोग्लियांना जगायला सीएसएफ१आर नावाचा एक रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचा संदेश घेणारा रेणू, लागतो. त्याच्या जनुकात दोष असला की ऐन चाळिशीत स्मृतिभ्रंश होतो. दुसरं उदाहरण ट्रेम२ या जनुकाचं. अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे खडे साठतात. मायक्रोग्लिया त्यांच्याभोवती गोळा होतात, त्यांना दाबून घट्ट करतात, त्यांचा उपद्रव आवरतात. २०१३ मध्ये दोन गटांनी दाखवलं की ट्रेम२ चा एक विशिष्ट दुबळा प्रकार ज्यांच्यात असतो त्यांना अल्झायमरचा धोका साधारण तिपटीच्या आसपास वाढतो. ट्रेम२ दुबळा असला की मायक्रोग्लियांचं हे काम नीट होत नाही. म्हणजे पेशी चिडून राहिल्या तरी नुकसान आणि ढिल्या पडल्या तरी नुकसान. प्राण्यांमधल्या प्रयोगांत असंही दिसलंय की आजाराच्या सुरुवातीला याच पेशी चांगल्या जोडण्यासुद्धा गिळतात. व्हिडिओनं एवढंच उचललं आणि बाकीचं सोडून दिलं.

'सूज उतरवली की झालं' हेही अजमावून झालंय. अमेरिकेत सत्तरीच्या पुढच्या अडीच हजारांहून अधिक लोकांना नेप्रोक्सेन किंवा सेलेकॉक्सिब या सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या, नाही तर औषध नसलेली खोटी गोळी देऊन अल्झायमर टळतो का ते बघितलं. २००४ च्या अखेरीस हृदयाच्या काळजीपोटी गोळ्या थांबवाव्या लागल्या, आणि स्मृतिभ्रंशापासून संरक्षण काही मिळालं नाही. म्हणून अण्णांना सूज उतरायची म्हणून रोज वेदनाशामक गोळी देऊ नका. त्या वयात मूत्रपिंड आणि पोट दोन्ही धोक्यात येतात. हळदीचं म्हणाल तर आमटीतली, दुधातली हळद खुशाल चालू ठेवा. कॅप्सूलमधला कर्क्युमिन, म्हणजे हळदीतला मुख्य घटक, रक्तात फार थोडा उतरतो. तो उतरावा म्हणून मिऱ्याचा अर्क घालून केलेल्या जोरदार कॅप्सूल घेऊन काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. दिरांना प्रेमानं सांगा, पाठवलंस त्यात काळजी दिसते, पण ते पैसे अण्णांच्या कानाच्या मशीनच्या सेलला लावू.

कानाचं मशीन मी अंदाजानं म्हणतेय. ७८ व्या वर्षी ऐकू कमी येत असण्याची शक्यता खूप असते, आणि मशीन असलंच तर बहुतेक घरांत ते कपाटात असतं. अण्णांची श्रवणचाचणी करून घ्या. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत सरसकट सगळ्यांना फरक पडला नाही. पण ज्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका आधीच जास्त होता, त्यांच्यात मशीन आणि समुपदेशन दिल्यावर तीन वर्षांतली घसरण निम्म्याच्या जवळपास कमी झाली. अण्णा अशाच लोकांत मोडतात.

माळकरी घर, तेव्हा बी१२ तपासा. शाकाहारी लोकांत त्याची कमतरता किती सर्रास आहे हे पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी गेल्या तीन दशकांच्या अभ्यासातून दाखवून दिलंय. स्मरण कमी होणं, पायाला मुंग्या, तोल जाणं, हे सगळं त्यातून होऊ शकतं आणि त्यावर उपचार आहे. सोबत थायरॉइड, साखर, सोडियम, क्रिएटिनिन करून घ्या. प्रोस्टेटमुळे लघवी पूर्ण होत नसेल तर सोनोग्राफीत कळेल. तसं असेल तर संसर्ग पुन्हा होणार, म्हणून ते आधी बघायला हवं. मात्र तक्रार काहीच नसताना लघवीच्या रिपोर्टात जंतू दिसले म्हणून प्रत्येक वेळी अँटिबायोटिक लागत नाही.

घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. झोपेची अल्प्राझोलाम, सर्दीवरची क्लोरफेनिरामिन असलेली गोळी, वारंवार लघवीसाठी दिलेली ऑक्सिब्युटिनिन, या गोष्टी म्हाताऱ्या मेंदूला गोंधळात टाकतात. पण बरेच दिवस चालू असलेली झोपेची गोळी एकदम तोडू नका, तीही उलटते. ती डॉक्टरांच्या सांगण्यानं हळूहळू कमी करायची.

नागिणीच्या लसीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. वेल्समध्ये २०१३ साली ही लस द्यायला सुरुवात झाली तेव्हा २ सप्टेंबर १९३३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना ती मिळू शकली, आणि त्याच्या आधी जन्मलेल्यांना कधीच नाही. वयात फरक जेमतेम काही दिवसांचा. सात वर्षांनी बघितलं तर लस घेतलेल्यांत स्मृतिभ्रंश सुमारे एक पंचमांशानं कमी होता. २०२५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. तेव्हाची लस जिवंत विषाणूची होती, आता आपल्याकडे मिळणारी वेगळ्या प्रकारची आणि महाग आहे. परवडत असेल तर अण्णा पूर्ण सावरल्यावर डॉक्टरांशी बोला. नागीण टळली तरी त्या वयात तेवढंही पुष्कळ. न्यूमोनिया आणि फ्लूच्या लसींचं मात्र नक्की विचारा. अण्णांना संसर्ग टाळणं म्हणजेच पुढचा डिलिरियम टाळणं.

आता लेक. व्हिडिओ म्हणतो ते खरं आहे, जोडण्या काढल्या जातात आणि त्यात मायक्रोग्लियांचा हात असतो. पण ते व्हायलाच हवं. ज्वारी दाट उगवली की तुम्ही विरळणी करता, नाही तर एकही ताट धड पोसत नाही. मेंदूतही लहानपणी जोडण्या गरजेहून खूप जास्त फुटतात. ज्या कमी वापरात असतात त्यांच्यावर सी१क्यू आणि सी३ नावाच्या प्रथिनांची खूण बसते आणि मायक्रोग्लिया त्या काढून टाकतात. नुकत्याच जन्मलेल्या उंदरांच्या दृष्टीच्या वाटेवर २०१२ मध्ये हे प्रत्यक्ष दिसलं. माणसात कपाळामागच्या भागात ही छाटणी विशीतही चालू असते. मुलगी जे रोज करते, वाचते, वाजवते, खेळते, ते टिकतं.

तिच्या जागरणाची काळजी मात्र रास्त आहे. अनेक दिवस झोप तोडलेल्या उंदरांच्या मायक्रोग्लिया चिडलेल्या दिसल्या, असं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं होतं. 'न झोपणारा मेंदू स्वतःला खातो' अशी मथळेबाजी तेव्हाच सुरू झाली. त्यावरून तुमच्या मुलीचा मेंदू झिजतोय असं अजिबात होत नाही. पण त्याहून साधं आणि पक्कं कारण आहे : दिवसभर वाचलेलं झोपेत पक्कं होतं. दीडला संपणारा अभ्यास साडेअकराला संपवून सकाळी साडेसहाला सुरू केला तर तिला तेच धडे कमी वेळात येतील. तिला व्हिडिओ दाखवून घाबरवू नका. या वयातल्या मुलांचं झोपेचं घड्याळच उशिराचं असतं, त्यामुळे रागावून उपयोग होत नाही. रात्री फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावायचा, हा नियम तिच्या एकटीवर न लादता घरातल्या सगळ्यांना लावा. स्कूटीवर बसताना हेल्मेटही हवंच. डोक्याला बसलेला मार मायक्रोग्लियांना वर्षानुवर्षं चिडवत ठेवू शकतो.

आणि तुम्ही. तुमच्या पत्रात सगळ्यांची काळजी आहे, स्वतःबद्दल एकच ओळ, आणि नेमकी तीच मला सगळ्यात जास्त खटकली. बीपीची गोळी राहते. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या वाढलेल्या दाबानं जागोजागी झिरपायला लागतात, रक्तातलं फायब्रिनोजेन बाहेर येतं, आणि ते मायक्रोग्लियांना थेट चिथावतं. हे आतल्या आत वीस-तीस वर्षं चालतं, दुखत नाही, खुपत नाही. अमेरिकेतल्या नऊ हजारांहून अधिक लोकांच्या चाचणीत वरचा दाब १२० च्या खाली आणायचा प्रयत्न केलेल्यांत स्मरणाची सौम्य घसरण १४० वर थांबलेल्यांपेक्षा कमी दिसली. २०१९ चा हा निकाल आहे. तुमचा आकडा किती हवा ते तुमचे डॉक्टर ठरवतील, पण गोळी रोज घ्यायची. सकाळी अण्णांना महिने विचाराल तेव्हा आपलीही गोळी तोंडात टाका.

'माझंही असंच होणार का' याचं उत्तर : सासऱ्यांचा आजार सुनेला वारशानं येत नाही. देशात साठीच्या पुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के आढळलं आहे. म्हणजे बहुसंख्य लोकांना तो नसतो. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगानं १४ कारणं मोजली आणि जगातला साधारण ४५ टक्के स्मृतिभ्रंश त्यांच्याशी जोडलेला आहे असं म्हटलं. मध्यमवयातला बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, बसून राहणं, ऐकू न येणं, एकटेपणा, धूर, ही त्यातलीच. तुमच्याकडे ऊस तुटला की पाचट पेटवतात. तेव्हा अण्णांना आणि मुलीला घरात, खिडक्या लावून ठेवा, आणि निदान आपल्या रानातलं तरी पाचट न जाळता कुजवा. हा आग्रह मी डॉक्टर म्हणूनच धरतेय.

पुढं कधी अण्णांना पुन्हा दवाखान्यात ठेवावं लागलं तर काय करायचं, तेही आत्ताच ठरवून ठेवा. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या डॉक्टर शॅरन इनोये यांनी १९९९ मध्ये सत्तरीच्या पुढच्या रुग्णांवर एक साधा कार्यक्रम करून बघितला : चष्मा आणि कानाचं मशीन लावून ठेवायचं, आजचा वार-तारीख सांगत राहायचं, पाणी पाजायचं, दिवसातून चालवायचं, रात्री विनाकारण उठवायचं नाही. डिलिरियमचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ वर आलं. त्यांना यासाठी स्वयंसेवक नेमावे लागले. आपल्याकडे खाटेशी घरचं माणूस असतंच, त्याला फक्त काय करायचं ते माहीत हवं. अण्णांची कवळी, चष्मा, घड्याळ आणि त्यांची तुळशीची माळ सोबत न्या. लघवीची नळी घातली तर रोज विचारा, आज काढता येईल का.

त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा : 'लघवीच्या संसर्गात डिलिरियम झाला होता.' खाली महिना, वर्ष आणि दिलेल्या झोपेच्या इंजेक्शनचं नाव; डिस्चार्ज कार्डावर ते असेल. नसेल तर त्या दवाखान्यात जाऊन मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. बी१२ चा आकडा आणि महिन्यांची वही घेऊन तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे जा. तेव्हाही हिशोब चुकत असेल तर स्मरणाची रीतसर तपासणी करायला सांगा, आणि मला कळवा.